न उडालेला बार

दिवाळीत उडालेल्या फटाक्यांपेक्षा न उडालेल्या फटाक्यांनीच माणसांची अधिक पारख होते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. वात सुरसुरते, विझल्यासारखी होते आणि अंगणात एक चमत्कारिक शांतता पसरते. आजोबा पडवीतून "थांबा रे!" म्हणून ओरडतात, आई दार अर्धवट लोटून घेते, आणि घरातले सर्वांत धाडसी, म्हणजे बहुधा सर्वांत कमी विचार करणारे चिरंजीव त्या फटाक्यावर ओणवे होतात. त्यांना काही करायचे नसते. उडाला का नाही, एवढेच पाहायचे असते. कुतूहलासारखी निष्पाप गोष्ट दुसरी नाही, पण दारूपाशी (बंदुकीच्या, गैरसमज नसावा) तिच्याइतकी अवेळी गोष्टही दुसरी नाही.

हेच चिरंजीव किंवा त्यांची भगिनी पुढे महाविद्यालयात जाऊन राष्ट्रीय छात्र सेनेत नाव घालतात, आणि एके दिवशी त्यांच्या हाती पॉइंट टू-टूची रायफल येते. तिचाही बार कधी कधी उडत नाही. तेव्हा काय करायचे, हे मला आमच्या हिंगोलीच्या माळावर कळले.

हिंगोलीला बंदुकीचे वावडे कधीच नव्हते. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथे होती. १९०३ साली ती उठली. पण रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा अशी मोहल्ल्यांची नावे मागे ठेवून गेली. आज तोफखान्यात राहणाऱ्या गृहस्थांनी लवंगी माळेपलीकडे काही उडवलेले नसते, ही गोष्ट निराळी. गोळीबाराच्या सरावाला निघालेल्या मुलींबरोबर कोणी तरी बाई हवी, म्हणून मराठी शिकवणाऱ्या मला पाठवण्यात आले. व्याकरणाचा आणि गोळीबाराचा संबंध काय, असे वाटले होते. तिथे गेल्यावर दिसले की दोन्हीकडे आज्ञार्थावाचून चालत नाही.

मुली मात्र उत्साहात होत्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेही याच जातीच्या काडतुसांनी. तेव्हापासून आमच्या मुलींना पंचवीस मीटरवरचे निशाण अगदी हाताशी आल्यासारखे वाटू लागले होते.

उस्ताद साताऱ्याकडचे हवालदार. त्यांनी एक काडतूस तळहातावर घेऊन दाखवले. करंगळीच्या दोन पेरांएवढेही नाही. गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम. "हिला खेळणं समजू नका. दीड मैलावर जाऊन पडती," ते म्हणाले. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी पेट घेणारी एक वेगळी टोपी असते. या चिमुकल्याला ती नाही. त्याच्या पितळी पुंगळीचा काठ आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत रंजक भरलेले असते. रायफलीची पिन त्या काठावर आपटते, काठ चेपतो, रंजक पेटते आणि ते आतली दारू पेटवते. कारखान्यात हे रंजक ओले असताना पुंगळी गरगर फिरवून ते काठात पसरवतात. फिरता फिरता एखाद्या जागी ते पोचले नाही आणि पिन नेमकी तिथेच आपटली, की नुसता 'खट्' आवाज! म्हणून या जातीत बार चुकण्याचे प्रमाण मोठ्या काडतुसापेक्षा अधिक. कधी काडतूस नळीत पुरते बसलेले नसते, आणि पिनेचा सारा जोर त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो. कधी स्प्रिंग थकलेली असते, कधी आत मळ साचलेला असतो. अशा काडतुसाचे पहिले पिस्तूल अमेरिकेत १८५७ साली निघाले. आपल्याकडे काडतुसावरून काय रणकंदन माजले, तेही त्याच साली. असो.

तिसऱ्या फेरीत सेनगावकडची एक मुलगी पालथी पडून नेम धरत होती. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्या वेळी घोडा दाबला तो 'खट्'. तिने डोके वर केले आणि "उस्ताद, झालं नाही," असे म्हणत ती त्यांच्याकडे वळू लागली. तिच्या खांद्याबरोबर रायफलही वळली. नळी डावीकडे वीतभर सरकली असेल. डाव्या चटईवर तिची मैत्रीण पडलेली होती, आणि तिच्या पलीकडे नोंदवही घेऊन मी.

उस्तादांचा तळवा त्या नळीवर केव्हा पडला ते मला दिसलेच नाही. नळी पुन्हा निशाणाकडे होती. "नळी पुढंच. बोट बाहेर काढ. आता बोल, पण निशाणाकडं बघून बोल."

या शेवटच्या वाक्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ती मुलगी बेफिकीर नव्हती. उलट फार चांगल्या वळणाची होती. वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांच्याकडे तोंड करून बोलावे, पाठमोरे बोलणे हा उद्धटपणा, हे आपणच मुलांना पाळण्यापासून शिकवत आलो. गोंधळलेले मूल मोठ्या माणसाकडे वळणारच. रायफल हाती असताना मात्र हे चांगले वळणच घातक ठरते. नवशिक्याचा अपघात त्या मुक्या काडतुसाने होण्यापेक्षा त्याच्या या वळण्याने होण्याचा संभव मला अधिक दिसतो.

मग उस्तादांनी तिला तीस सेकंद तसेच थांबवले. रंजक धुमसत राहून बार उशिरा उडू शकतो. हा उशीर बहुधा क्षणार्धाचाच असतो, त्याहून लांबणे फार विरळा. पण त्या विरळ्यासाठीच हे तीस सेकंद राखून ठेवायचे. ऐकायला थोडे वाटतात. वर्गात प्रश्न विचारून तीस सेकंद उत्तराची वाट पाहून बघा, म्हणजे ते केवढे असतात ते समजेल. माळावर टिटवी ओरडत होती. मुलीच्या कोपरावर एक मुंगी चढली, पण ती हलली नाही.

वेळ भरल्यावर तिने चेहरा बाजूला ठेवून बोल्ट सावकाश मागे ओढला. नळीबाहेर काडतूस उडाले तर गोळी फारशी लांब जात नाही. पण पातळ पितळ फुटून त्याच्या ठिकऱ्या डोळ्यांत जाऊ शकतात. काडतूस चटईवर पडले. ते तिने उचलायचे नव्हते, खिशात तर नाहीच नाही. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा मारले तर कित्येकदा उडते, हे जाणत्यांना ठाऊक असते. नवशिक्यांना उस्तादांनी ते करू दिले नाही, आणि मला ते पटले.

दुसरी रायफल काही वेळाने 'खट्' ऐवजी 'फुस्' करती, तर प्रकरण याहून वाईट झाले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. अशा वेळी रंजक पेटते, पण जोर अपुरा पडून गोळी नळीतच अडकते. आवाज झाला म्हणजे गोळी गेली, असे समजून मागून दुसरी मारली, की नळी फुगते किंवा फाटते. म्हणून आवाज मवाळ वाटला, की हात थांबवायचा; उस्तादांनी रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे आणि मगच पुढची गोळी.

मुलीला बदली गोळी मिळाली. तिने ती मारली. निशाणाच्या कागदावर बाहेरच्या कडेला लागली. उठल्यावर रायफल ठेवून ती उस्तादांपाशी आली आणि ते काडतूस पाहू का, म्हणून तिने विचारले. त्यांनी आपल्या तळहातावरच ठेवून दाखवले. काठावर पिनेची खूण स्पष्ट होती, नखाने दाबल्यासारखी. शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजायला बसलो. एकेक पुंगळी परत करावी लागते. हिशेब एकाने कमी भरला तेव्हा उस्तादांनी माझ्याकडची वही मागितली आणि शेवटच्या रकान्यात लिहायला सांगितले: मिसफायर, १.