राहात्याची रांगोळीची वही

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिर्डीच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे राहाता लागते. आपण बहुतेक जणी हे गाव बघतो ते गाडीच्या खिडकीतून. गाडी थांबलीच तर ती पेरूंसाठी! गोदावरीच्या कालव्याच्या पाण्यावर इथल्या बागा पोसल्या, आणि राहात्याचे पेरू लांबलांबच्या बाजारात जाऊन पोचले. १९९९ साली राहाता हे तालुक्याचे ठिकाण झाले. शिर्डी आता याच तालुक्यात येते. साईबाबा शिर्डी सोडून फारसे कुठे जात नसत. गेलेच तर राहात्याला नाहीतर निमगावला, असे साईसच्चरितात सांगितले आहे. झेंडू, जाई आणि जुईची रोपे बाबांनी राहात्याहूनच नेली आणि शिर्डीत बाग फुलवली, हेही त्यातच वाचायला मिळते.

माझी भाची राहात्याला दिलेली आहे. तिच्याकडे चार दिवस राहिले आणि येताना मीही एक रोप घेऊन आले. फुलझाडाचे नव्हे हं, एका छंदाचे!

भाचीच्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. दुपारची भांडीकुंडी आवरली की खिडकीशी बसतात आणि वही उघडतात. वही म्हणजे मुलांची गणिताची, चौकटीची. चौकटीमुळे ठिपके आपोआप सरळ पडतात. पानाच्या डोक्यावर तारीख, तिथी आणि खाली त्या दिवसाची रांगोळी. आपणही लग्नाआधी अशा वह्या केल्या, नाही का? पण आपल्या वह्यांत नुसते नमुने उतरवलेले असत. यांच्या वहीत दिवस उतरलेला असतो.

"अहो विहीणबाई, दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते. आज काय घातलं होतं ते उद्या मलाच आठवायचं नाही. म्हणून लिहून ठेवायला लागले," त्या म्हणाल्या.

पाने उलटत गेले तशी मी रंगून गेले. चैत्रात शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे चैत्रांगण: मखरातली गौर, शंख, चक्र, गदा, कमळ, कासव, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन. चातुर्मासातली गोपद्मे. आणि त्यांच्या आजूबाजूला चिकटवलेल्या कितीतरी वस्तू! लग्नपत्रिकेवरचा कापून घेतलेला गणपती, जुन्या लुगड्याच्या काठातली जर, नातवाच्या बारशाच्या पेढ्यांवरचा चंदेरी कागद, एस.टी.चे तिकीट. एका पानावर पेरूच्या पानाचा हुबेहूब ठसा होता. पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूला शिरा चांगल्या उठून असतात. त्या बाजूला रंग लावून पान कागदावर दाबले की सगळी जाळी उमटते. विकतच्या छापाची गरजच नाही!

ठिपक्यांचा हिशेबही त्यांच्याकडून नीट समजून घेतला. 'सात ते चार मधले ठिपके' म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके. मग वर आणि खाली दोन्हीकडे सहा, पाच, चार अशा ओळी, पण प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण ठिपके होतात सदतीस आणि आकार येतो षट्कोनी. आपण ज्याला बायकांचा विरंगुळा म्हणतो त्यात केवढे गणित आहे पाहा! तमिळनाडूतल्या कोलमचा अभ्यास करून गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली शोधनिबंध लिहिला. संगणकशास्त्रात त्याचा आजही उल्लेख होतो.

वही चाळताना एका ठिकाणी मात्र माझा हात थांबला. समोरच्या पानावर रेघ नव्हती, रंग नव्हता. नुसते तेरा ठिपके. बारा वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हाचे ते पान. सुतकात दारात रांगोळी नसते. तेव्हा दिवसाला एक ठिपका त्यांनी वहीत दिला होता. तेरावे झाले, पण दारातली रांगोळी काही त्यांच्या हाती परत आली नाही. नवरा गेलेल्या बाईने उंबऱ्यावर रांगोळी घालू नये, असे काही घरांत अजून मानतात ना! ते काम सुनेकडे गेले.

"दाराला रीत असते हो. वहीला कोण हटकणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. चौदाव्या दिवसाच्या पानावर पूर्ण कमळ आहे.

मागच्या दिवाळीला माझ्या भाचीने ही वही उघडली, रांगोळीचा डबा सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, पाडव्याची तुम्हीच घाला." त्यांनी घातली. आळीतल्या दोघी-तिघी काहीबाही बोलल्या. बोलेनात का! तेव्हापासून सणावारी दारात त्यांचीच रांगोळी असते. भाचीचे मला फार कौतुक वाटले.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींना आज अंगण आहे? ब्लॉकच्या दारात हातभर जागा, तीही जिन्यातल्या चपलांनी भरलेली. अशा वेळी वहीचे पान हेच आपले अंगण. दुपारची पंधरा मिनिटे पुरतात. चौकटीची वही, पेन्सिल आणि घरातलेच रंग घ्या. हळद, कुंकू, कपड्यांची नीळ चालते. हळदीला चुन्याचे पाणी लागले की ती लाल होते, त्यामुळे एकीचे दोन रंग मिळतात. मात्र हळदीचा रंग उन्हाने उडतो, वही उन्हात ठेवू नका. चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नका, नाहीतर बुरशी धरेल. कपाटात वहीबरोबर कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, कसर लागत नाही.

आणि एक, तारीख घालायला विसरू नका. रांगोळी साधली नाही तर नुसते ठिपके द्या, पण पान सोडू नका. स्वयंपाक, धुणी, आजारपणे यांत आपले दिवस कुठे जातात ते आपल्यालाही सांगता येत नाही. वही सांगते. घरात सासूबाईंची, आईची अशी एखादी जुनी वही असेल, तर रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघा.