फोरला वाचवताना

१९९१ साली जपानमध्ये 'गेम बॉय'वर अवतरलेल्या 'सुपर रोबोट वॉर्स' या मालिकेत माझिंगर, गेटर, गंडम हे वेगवेगळ्या कथांतले महायंत्रमानव एकाच रणांगणावर पाळीपाळीने लढतात. आम्हांस मात्र या संमेलनापेक्षा (मेळा काय, कोणीही भरवील!) तिथली शत्रूचे मन वळवण्याची सोय अधिक मोलाची वाटते. तोमिनो यांच्या १९८५च्या 'झेटा गंडम'मध्ये फोर मुरासामे मरते. या खेळाच्या काही भागांत मात्र कामीयूला वेळेवर तिच्याशी बोलायला लावले, तर ती वाचते, आपल्या बाजूने लढते. ती प्रथम वाचली तेव्हा आम्ही हरखलो. पुढे मूळ मालिका पुन्हा पाहताना, बोलायला आपणच उशीर केला, असे काहीसे वाटू लागले. शोकांतिका निमूट पाहण्याची आमची जुनी सवय तेवढी मोडली.