केळ्यातील पोटॅशियम आणि सासूबाईंचे ताट

कंदमुळे वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने केव्हा घेतली, हे कोणालाच सांगता येणार नाही. रस्साभाजी, कटलेट, वेफर्स, पावभाजीसुद्धा केळ्याचीच. त्यातून माझे माहेर रावेर तालुक्यातले. तान्ह्या बाळापासून दात गेलेल्या आजोबांपर्यंत सर्वांना चालणारे निरुपद्रवी फळ, अशीच तिकडे केळ्याची ख्याती.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या रक्तातील पोटॅशियम ५.८ आले. ते साधारणपणे ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे आधीच थकली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला २००० मिलिग्रॅम पोटॅशियमची मर्यादा घालून दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही जैन ना? मग कच्ची केळी आठवड्यातून किती वेळा?”

पोटॅशियम हा काही शत्रू नव्हे. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके हे सारे त्याच्यावर चालते. निरोगी प्रौढाने ते दिवसाला निदान ३५१० मिलिग्रॅम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरजेहून अधिक आलेले पोटॅशियम मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ती थकली की ते रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडू शकते. बहुधा त्याची काही पूर्वसूचनाही मिळत नाही, आणि भीती वाटते ती याचीच.

मग मी फळांकडे आकड्यांतून पाहू लागले. शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पेरूत ४१७, फणसात जवळजवळ ४५०. चिकू आणि पपई १९०च्या आसपास, आंबा १७०, अननस ११०, तर जांभूळ ८०च्याही खाली. आजारी माणसाला भेटायला येणारे प्रेमाने शहाळे घेऊन येतात, पण पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे सासूबाईंच्या दिवसाच्या वाट्याचा पाव हिस्सा! खजूर, मनुका, सुके अंजीर यांतले पाणी उडालेले असते, क्षार मात्र तसेच राहतात. त्यामुळे मूठभरही जड जाते. करमळाची, म्हणजे स्टारफ्रूटची, गोष्ट तर निराळीच. त्यातील एक विषारी द्रव्य निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि ते थेट मेंदूवर परिणाम करते. अशा रुग्णाला त्याची एक फोडही देऊ नये.

आमची खरी अडचण निराळी होती. यजमानांना उच्च रक्तदाब आहे. त्यांच्या डॉक्टरांनी मीठ कमी करून फळे वाढवायला सांगितले होते. जे केळे मुलाला हितकर तेच आईला अपायकर, आणि दोघांची ताटे शेजारी शेजारी! रक्तदाबासाठी बाजारात जे कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पुष्कळदा पोटॅशियमच असते. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर, भगिनींनो, त्या पाकिटावरची बारीक अक्षरे अवश्य वाचा.

कच्चे केळे आम्ही घरातून हद्दपार केले नाही. सोलून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकले की बरेचसे पोटॅशियम त्याबरोबर निघून जाते. वाफवल्याने किंवा तळल्याने हे साधत नाही, म्हणून सासूबाईंपुरते वेफर्स बंद झाले. उकडलेल्या केळ्याला चव राहत नाही, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती अगदी खरी आहे; जिरे, कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब यांवर काम भागवावे लागते. तेही पंधरा दिवसांतून एकदाच, आणि मोजून अर्धी वाटी. एरवी दुधी आणि कोबी.

मागच्या तपासणीत आकडा ४.९ होता. डॉक्टरांनी पुढची तपासणी तीन महिन्यांनी ठेवली आहे. सध्या जांभळांचे दिवस आहेत. सासूबाई मिठाविना का होईना, वाटीभर जांभळे खातात आणि जीभ जांभळी झाली का, ते नातीला दाखवतात.