वाहन आणि दिशा

नारायण पेठेत मोदी गणपतीजवळच्या एका जुन्या वाड्यात, दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर, एका वाहनाचा विषय निघाला. कापडाची पेढी सांभाळणाऱ्या या ओसवाल कुटुंबातील धाकट्या चिरंजिवांना फोर बाय फोर गाडी घ्यावयाची होती. ओसियांचे महावीर मंदिर, लोद्रव्याचा पार्श्वनाथ, जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनालये आणि शेवटी समची वाळू, असा सारा मारवाड स्वतःच्या गाडीने पाहावा, ही त्यांची इच्छा.

वडिलांनी नकार दिला नाही. व्यापाऱ्याच्या सवयीने कागद ओढला. ओसियां जोधपूरपासून सुमारे ६५ किलोमीटर, लोद्रवा जैसलमेरपासून सुमारे १५. देवदर्शनाचा रस्ता सगळा डांबरी. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा लागणार ती केवळ वाळूत, म्हणजे वर्षाकाठी दोन दिवस. उरलेले ३६३ दिवस ती अवजड गाडी पेठेच्या बोळात सम-विषम तारखांची जागा शोधत फिरणार. शिवाय वाळूत चाकांची हवा कमी करावी लागते, तेव्हा चाक पसरते आणि रुतत नाही. परतताना ती भरावयास पंप हवा. रुतलेच तर ओढून काढावयास दुसरे वाहन सोबत हवे.

“पप्पा, सगळे जमाखर्चातच मांडायचे का?” चिरंजीव म्हणाले. “सहा वर्षांत तुम्ही चार दिवस पेढी सोडून माझ्याबरोबर आला नाहीत. गाडी घेतली असती, तर तुम्हाला यावेच लागले असते.”

वडिलांची लेखणी थांबली. ते आपल्या आईकडे वळले. “बाई, तुम्हीच सांगा.”

आजी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्या चौदांत वाहनाचा नियम वेगळा, दिशेचा वेगळा. तुम्ही दोघे वाहनावर भांडता आहात. अडले आहे ते दिशेपाशी. आणि त्या वाळूत राहते कोण, ते कोणी पाहिले का?”

उत्तर चिरंजिवांनाच ठाऊक होते. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, तो माळढोक राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जातो. समच्या परिसरातील मरुभूमी राष्ट्रीय उद्यान हा त्याचा मोठा आसरा. त्याची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. वाट सोडून धावणाऱ्या चाकाला ते दिसणार नाही, हे सांगताना त्यांचा स्वर आपोआप उतरला.

त्या रात्री गाडी घेण्याचे रहित झाले. जोधपूरपर्यंत रेल्वेने जावे, पुढे तिथल्याच माणसाची गाडी ठरवावी, वाळूत रुळलेली वाट सोडू नये, असे ठरले. चिरंजिवांनी मोबाइलमधील त्या गाडीचे छायाचित्र मात्र पुसले नाही, आणि कोणी पुसावयास सांगितलेही नाही.

सकाळी वडिलांनी नव्या वहीत, खरेदी-विक्रीची एकही नोंद होण्याआधी, एक ओळ लिहिली : पौष महिन्यात आठ दिवस पेढीवर मुनीमजी बसतील.