नानांचा अँप्लिफायर

वाघोलीस राहावयास येऊन आम्हांला आतां सहा वर्षें होत आलीं. सदाशिव पेठेंतील वाडा पाडला गेला, तेव्हां आम्ही व आमचे धाकटे बंधु अशीं दोन बिऱ्हाडें नगर रस्त्यावरील या गांवीं शेजारशेजारच्या दोन ब्लॉकांत येऊन राहिलीं. मध्यें भिंत आहे खरी. पण दोन्ही दारें दिवसभर उघडीं असल्यामुळें चूल कोणाची आणि पंगत कोणाची हें नवख्या पाहुण्यास उमगत नाहीं. वाघेश्वराच्या देवळासाठीं आणि दगडाच्या खाणींसाठीं ओळखलें जाणारें हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. दिवसभर रस्त्यावरच्या वाहनांचा गलका, आणि तो जरा ओसरला म्हणजे आमच्या घरांत नानांच्या रेडिओचा, असा गेल्या दोन वर्षांपूर्वींपर्यंतचा क्रम होता.

नाना म्हणजे आमचे वडील. वय ८६. पुण्यास आकाशवाणीचें केंद्र १९५३ सालीं सुरू झालें तेव्हां ते शाळेंत होते. पुढें त्यांनीं सरकारी कचेरींत नोकरी धरली, पण त्यांचा खरा जीव संध्याकाळच्या उद्योगांत. ओळखीपाळखीच्यांचे रेडिओ ते दुरुस्त करीत. आणि गणपतीच्या दिवसांत पेठेंतील एखाद्या मंडळाचा लाऊडस्पीकर मुका झाला, कीं रात्रीं अकरा वाजतांहि कार्यकर्ते आमच्या दाराशीं उभे! पैसे त्यांनीं घेतल्याचें आम्हांला आठवत नाहीं. मातोश्रींची याविषयीं जी टीका होती ती येथें देण्याचें कारण नाहीं.

अशा माणसाचे कान मंदावले. आवाज चढत गेला. एका खोलींत नातवाचा अभ्यास, दुसरींत नुकतीच निजविलेली पणती, आणि मधल्या खोलींत ख्याल असा गर्जतो आहे कीं गवय्यानेंहि कानांवर हात ठेवावे! कुरबुरी झाल्या. नानांना कोणी उघड बोललें नाहीं, पण न ऐकूं येणाऱ्यालाहि चेहरे दिसतात. एके दिवशीं त्यांनीं आपण होऊन रेडिओ बंद केला आणि म्हणाले, “आतां ऐकण्यासारखें कांहीं लागत नाहीं.” त्यानंतर दोन वर्षें ते खिडकीशीं बसून रस्ता पाहत. घरांत शांतता झाली, आणि त्या शांततेची आम्हां सर्वांना लाज वाटूं लागली.

कानाच्या डॉक्टरांनीं आलेख काढून दाखविला. खालच्या स्वरांकडे रेघ बरी होती. वरच्या बाजूस ती घाटासारखी उतरत गेली होती. उतारवयांत प्रथम वरच्या कंपनांची श्रवणशक्ति जाते असें त्यांनीं सांगितलें. श्रवणयंत्र घेतलें. बोलणें त्यानें सुधारलें, परंतु गाण्याशीं त्याचें जमेना; कारण तें मुळांत बोलणें ऐकण्यासाठीं जुळविलेलें. शिवाय यंत्राची स्वतःची शीळ दाबण्याची जी योजना त्यांत असते, तिला तंबोऱ्याचा अखंड स्वर म्हणजे शीळच वाटते, आणि ती त्याचा गळा धरते. नाना म्हणाले, “हा तंबोरा पत्र्याचा आहे.” गाण्यापुरतें यंत्र काढून हेडफोन लावण्यास डॉक्टरांनीं हरकत घेतली नाहीं, मात्र आवाज बेतानें ठेवा, मोठ्या आवाजानें गेलेलें परत येत नाहीं आणि आहे तेंहि जातें, अशी तंबी दिली.

हेडफोन पुतण्यानें जर्मनीहून आणले. सेनहायझर कंपनीचे, १९९७ पासून चालत आलेले ‘एच डी ६००’ नांवाचे. पाठीमागून उघडे असल्यामुळें ते लावले तरी घरांतली हांक कानीं येते, हा एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें त्यांचा मोठा गुण. मोबाइलला जोडले तर जुनीं ध्वनिमुद्रणें कुजबुजल्यासारखीं वाजूं लागलीं. या हेडफोनचा इंपीडन्स, म्हणजे ध्वनीच्या विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम. त्याला दाब जास्त लागतो आणि मोबाइलजवळ तो बेताचाच असतो. तेव्हां मध्यें अँप्लिफायर हवा, असें ठरलें.

आमचे चिरंजीव खराडीस संगणकाच्या कचेरींत आहेत. त्यांनीं ताबडतोब निर्णय दिला: तळहाताएवढा ट्रान्झिस्टरचा घ्यावा, स्वस्त, थंड, आणि मोजून पाहिल्यास ध्वनीची विकृति जवळजवळ शून्य. हें सर्व खरें आहे आणि आजहि आम्ही तें नाकारीत नाहीं. पण तें बोलणें चाललें असतां खिडकीकडून आवाज आला, “व्हॉल्व्हचा मिळतो का रे अजून?” दोन वर्षांत नानांनीं आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. तेवढ्यावर चिरंजीवांचा मुद्दा पडला.

मिळतो, आणि पुष्कळ मिळतो, हें आम्हांला तोंवर ठाऊक नव्हतें. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढल्या पंचवीस-तीस वर्षांत व्हॉल्व्हचें राज्य बुडालें; तथापि गिटार वाजविणारे आणि गाण्याचे शौकीन या दोन जातींनीं कांहीं कारखाने जगविले. आम्ही चौकशीस लागलों तेव्हां जो तो व्हॉल्व्हच्या नांवांनींच सुरुवात करी: अमुक इंग्रजी, तमुक जर्मन, त्याचा मधुर, याचा भारदस्त. नानांनीं मात्र विचारलें, “हेडफोन किती ओहमचे?” आमच्या मतें निवडीची सारी किल्ली याच प्रश्नांत आहे.

कारण असें. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मुख्यतः दोन तऱ्हेचे. एकांत शेवटच्या व्हॉल्व्हनंतर ट्रान्सफॉर्मर असतो. दुसऱ्यांत तो नसून कंडेन्सरमधून ध्वनि थेट हेडफोनला जातो. या दुसऱ्या जातीचा स्वतःचा अडथळाच शंभर-सव्वाशें ओहमचा असतो. तीस-बत्तीस ओहमचे हेडफोन त्याला लावले तर बहुतेक दाब अँप्लिफायरच्या पोटांतच खर्ची पडतो, आणि खर्ज सैल होतो. तेथें ट्रान्सफॉर्मरचा घ्यावा, किंवा मुकाट्यानें चिरंजीवांचें ऐकावें. उलट ३०० ओहमच्या हेडफोनशीं हा अँप्लिफायर चांगला नांदतो. आमच्या हेडफोनचा अडथळा शंभर कंपनांच्या आसपास पांचशेंच्याहि वर जातो. त्यामुळें त्या ठिकाणीं ध्वनि सुमारें एक डेसिबल उचलला जातो आणि तबल्याचा डग्गा किंचित् भरतो. शौकीन ज्याला व्हॉल्व्हची ऊब म्हणतात तिच्यांतला बराच वाटा या साध्या हिशेबाचा आहे, असें आमचें मत झालें आहे.

उरलेला वाटा विकृतीचा. व्हॉल्व्हची विकृति प्रायः मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांची, म्हणजे षड्जाला तार षड्ज जोडणारी. ती कानाला खुपत नाहीं. यावरून कोणी तिची तंबोऱ्याच्या जवारीशीं तुलना करितात. सर चंद्रशेखर रामन यांनीं १९२१ सालीं तंबोऱ्याच्या घोडीवर तार कशी घासते आणि त्यांतून वरचे स्वर कसे फुलतात याचा विचार केला होता. मिरजेचे कारागीर तें काम घोडीवर दोरा सरकवून कानानें साधतात. या जवारीपुढें चांगल्या अँप्लिफायरची विकृति म्हणजे समुद्रांत चिमूटभर मीठ. जवारी तंबोऱ्याचीच ऐकावी, अँप्लिफायरकडून ती मागूं नये.

असो. पुढें एक ‘ईसीसी ८२’ आणि मागें एक जाडजूड ‘६०८०’ अशा दोन व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरवांचूनचा अँप्लिफायर घेतला. किंमत नानांना अर्धीच सांगितली. त्यांनीं ती खरी मानली नाहीं, पण वादहि घातला नाहीं. ‘६०८०’ च्या नुसत्या तापण्यालाच सोळा वॅट लागतात, आणि त्याची कांच बोट भाजण्याइतकी कढत होते. म्हणून यंत्र कपाटावर, पणतीच्या हाताबाहेर. वर जाळीचा पिंजरा. आंत दीडशें व्होल्टांच्या वर दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरहि कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकतो. चिरंजीव झांकण उघडावयास गेले तेव्हां नाना एवढ्या मोठ्यानें ओरडले, कीं शेजारून बंधु धांवत आले. “आधीं पिन काढ! मग थांब! आणि एक हात खिशांत!” हा एका हाताचा नियम जुन्या रेडिओवाल्यांचा, दोन्ही हात आंत घातले तर विजेची वाट छातींतून जाते.

आतां आमच्या फजितीची हकीकत. यंत्राबरोबर स्लोव्हाकियांतील चाड्त्सा येथील कारखान्याचा नवा व्हॉल्व्ह आला होता. तो उत्तम होता. पण एवढी वाचनें केल्यावर नुसत्या उत्तमावर समाधान कसें व्हावें? आम्हीं कोणालाहि न विचारतां मलार्डच्या नांवाचा, ब्लॅकबर्नचा म्हणून विकला जाणारा जुना व्हॉल्व्ह टपालानें मागविला. किंमत नव्याच्या आठपट. नानांनीं तो भिंगाखालीं धरला आणि कांचेच्या तळाशीं कांहीं शोधूं लागले. ब्लॅकबर्नच्या मालावर तेथें कोरलेलीं बारीक सांकेतिक अक्षरें असावयाचीं. येथें कांच कोरी. “नांव छापायला काय लागतें?” एवढेंच ते म्हणाले. विकणाऱ्यानें पत्राचें उत्तर दिलें नाहीं. खऱ्या मार्गानेंहि घोटाळा होतो तो निराळाच: मलार्ड, टंग-सोल हीं जुनीं नांवें विकत घेऊन रशियांतील सारातोव्ह येथें नवे व्हॉल्व्ह काढण्यांत आले आहेत. त्यांत फसवणूक नाहीं, मालहि वाईट नाहीं, फक्त तो ब्लॅकबर्नचा नव्हे. २०२२ सालीं रशियाच्या निर्यातबंदीनें त्यांचाहि पुरवठा अडला आणि सगळ्यांचेच भाव चढले.

या फजितीनंतर नानांनीं माळ्यावरून आपला बिस्किटांचा जुना डबा काढावयास सांगितला. जुन्या कागदांत गुंडाळलेले चौदा व्हॉल्व्ह! पुष्कळसे ‘ईसीसी ८३’, मंडळांच्या अँप्लिफायरमधले. त्यांचे नऊ पाय आमच्या यंत्रांत बरोबर बसले असते. पण नानांनीं हात धरला. ‘८३’ ध्वनीचा दाब शंभरपट वाढवितो, ‘८२’ वीसपटीच्या आंतच. पाय सारखे, प्रकृति भिन्न. यंत्र ज्यासाठीं बांधलें त्याच्याशीं जुळेल तोच घालावा. चौदांत एक ‘८२’ निघाला, छाप पुसलेला. कांचेच्या माथ्यावरची चंदेरी झांक शाबूत होती. हवा शिरली असती तर ती दुधासारखी पांढरी झाली असती. पेन्सिलीनें टिचकी मारून पाहिली. हेडफोनमध्यें घंटेसारखा नाद घुमला नाहीं. नानांनीं मान डोलावली.

मग परीक्षा ठरली. नवा, खोटा आणि डब्यांतला असे तीन व्हॉल्व्ह. सूनबाईंनीं पडद्याआड बदलावे आणि आम्हीं ओळखावे. दर वेळीं यंत्र निववून पुन्हां तापवावें लागे, आणि तेवढ्यांत मागचा आवाज स्मरणांतून निसटे, हा या परीक्षेचा मोठा दोष. तरी दहा फेऱ्या केल्या. आमचीं चार उत्तरें बरोबर आलीं. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तितकींच आलीं असतीं. नानांनीं एकच व्हॉल्व्ह दर वेळीं अचूक सांगितला, आणि तो आमचा आठपट किंमतीचा! “डाव्या कानांत भुंगा आहे,” ते म्हणाले. आम्हीं नीट ऐकलें; भुंगा होता. राहिलेल्या दोहोंत त्यांनाहि फरक लागला नाहीं. त्यांनीं डब्यांतला ठेवावयास सांगितला, आणि कारण विचारण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर नानांनीं हेडफोन चढविले. अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतली ठुमरी लावली. खांसाहेब १९३७ सालीं वारले, आणि ध्वनिमुद्रण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीचें. आम्हीं तें आधीं ऐकून पाहिलें होतें. तबकडीची खरखर आम्हांला असह्य झाली होती. म्हणून विचारलें, “खरखर फार त्रास देते का?” नानांनीं एक कान मोकळा केला. “कसली खरखर?” खरखर वरच्या कंपनांत असते. ती त्यांना ऐकूंच येत नव्हती. आलेखांतली ती उतरती रेघ तिलाहि बरोबर घेऊन गेली होती. उरला होता तो खांसाहेबांचा गळा, आणि तो सारा खालच्या बाजूस, जेथें नानांचे कान अजून शाबूत आहेत.

तेव्हांपासून रोज रात्रीं साडेनवाला कपाटावर दोन तांबूस दिवे लागतात. घर शांत असतें, पण पूर्वींच्यासारखें नाहीं. मध्येंच नाना “वाहवा!” म्हणून एवढ्या जोरानें दाद देतात कीं अभ्यासाला बसलेला नातू दचकतो. कधीं ते बरोबर गुणगुणतात, आणि आपल्याला ऐकूं येत नाहीं म्हणून तें इतरांसहि येत नसावें अशा भरंवशावर चांगलें मोकळ्या गळ्यानें! सूर लागतोच असें नाहीं. कुरबूर अजून कोणी केलेली नाहीं. परवां नातू पुस्तक मिटून त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि हेडफोनची एक बाजू ओढून कानाशीं धरूं लागला. यंत्राला भोक एकच आहे. दुसऱ्या जोडाला पुरेल असें कांहीं करतां येईल का, याचा हिशेब नाना सध्यां जुन्या वहींत मांडीत आहेत, आणि सोल्डरिंगची कांडी कोठें ठेवली म्हणून आम्हांला दिवसांतून तीनदां विचारीत आहेत.