आराधनेचा तास

कोलकात्याच्या मदर हाऊसमध्ये, म्हणजे मदर तेरेसांच्या सेवाभावी संघाच्या मुख्य मठात, पाच वाजायच्या आतच घंटा होते. बादलीभर पाण्यात आंघोळ उरकायची, साडी धुऊन वाळत घालायची, चपला बाहेर काढायच्या आणि प्रार्थनागृहात जमिनीवर बसायचं. बाकं नाहीतच. रस्त्याकडच्या खिडक्यांतून जपाच्या मधोमध बसचा हॉर्न घुसतो. सहाला मिस्सा, मग चहा-चपाती, आणि मग कुणी काळीघाटच्या ‘निर्मल हृदय’ या मरणोन्मुखांच्या घरात, कुणी शिशुभवनात, कुणी वस्त्यांमधून. दुपारी परतल्यावर पुन्हा प्रार्थना, संध्याकाळी पवित्र साक्रामेंतासमोर तासभर मूक आराधना. गुरुवारी तर बाहेरचं काम बाजूला ठेवून घरातच ध्यान नि आवराआवर. हे सगळं कळलं की व्यवहारी माणूस लगेच हिशेब मांडतो: एवढ्या तासांत आणखी किती जखमा धुऊन झाल्या असत्या?

एका दिवसापुरता हा हिशेब बरोबर आहे. पण सेवा वर्षानुवर्षं करायची असते, आणि तिथे तो कोलमडतो. दया लवकर आटते. रस्त्यात पडलेला पहिला माणूस पाहून कुणाचंही काळीज हलतं. चाळिसाव्याच्या वेळी तेच काळीज कुरकुरतं, आणि त्यातून तो चाळिसावा शिव्या घालणारा निघाला तर विचारायलाच नको. अशा वेळी माणूस जागेवर टिकतो तो मन उचंबळल्यामुळे नव्हे, ठरलेल्या वेळेला ठरलेलं करण्याची सवय अंगात मुरलेली असते म्हणून. पण सवय टिकवायची तर आधी स्वतःचं शरीर टिकवावं लागतं, हे मदर तेरेसांनाही कुणाकडून तरी शिकावं लागलं. १९४८ साली लोरेटोचा मठ सोडून त्या पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सच्या हॉस्पिटलात शुश्रूषा शिकायला गेल्या, तेव्हा आपल्या सिस्टर्सनी गरिबांसारखं मीठभातावर राहावं असा त्यांचा बेत होता. तिथल्या अनुभवी सिस्टर्सनी तो मोडून काढला. पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, मग दुसऱ्याचं करणार कशाच्या जोरावर? मदरनी ऐकलं. साड्या मात्र तीनच ठेवल्या: एक अंगावर, एक धुण्यात, एक जादा. त्या विणल्या जातात टिटागढला, कुष्ठरोग्यांच्या मागांवर. म्हणजे सेवा करणारीच्या अंगावरचं लुगडं सेवा घेणाऱ्याच्या हातचं. (दानशूरपणाचा तोरा उतरवायला हे एवढं पुरे.)

१९५० साली सुरू झालेल्या या संघात आधी आराधना आठवड्यातून एकदा व्हायची. १९७३ साली ती रोजची झाली, काम वाढत असताना. १९९७ साली मदर गेल्या तेव्हा १२३ देशांत ६१० घरं होती. एवढ्या पसाऱ्यात आज बंगालात असलेल्या सिस्टरची बदली उद्या येमेनमध्ये होऊ शकते. भाषा नवी, हवा नवी, रोगी नवे. दिवसाची घडी तेवढी ओळखीची. तिच्या आधारानेच परक्या ठिकाणी पहिल्या सकाळपासून हात कामाला लागतात.

यावर कुणी म्हणेल, घंटेच्या तालावरची भक्ती यांत्रिक होते. होतेच कधीकधी, पण म्हणून ती फुकट जाते असं नाही. २००७ साली मदरची खासगी पत्रं छापून आली आणि लोक चमकले: जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याची जाणीवच होत नव्हती. काहींना त्यात ढोंग दिसलं. मला त्यात दिनक्रमाची ताकद दिसते. प्रार्थना ‘मनापासून’ येईल तेव्हाच करायची असा नेम असता, तर ती केव्हाच सुटली असती आणि तिच्यामागोमाग काळीघाटही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी ‘निर्मल हृदय’बद्दल लिहिलं. स्वच्छता, जखमांची निगा, मायेचा हात हे त्यांनी मान्य केलं. पण असह्य वेदनेवर जोरकस औषध नाही, आणि बरा होणारा कोण, न होणारा कोण, याची नीट पारखही नाही, हेही नोंदवलं. ‘आम्ही हॉस्पिटल नाही, घर आहोत’ असं उत्तर यावर देता येतं, पण ते अपुरं आहे. घरातलं माणूस कण्हायला लागलं की आपण डॉक्टर बोलावतोच. प्रार्थनेने सिस्टर रोग्याजवळ टिकते, त्याची कळ मात्र औषधानेच थांबते. फक्त या उणिवेचं खापर आराधनेच्या तासावर फोडणं मला पटत नाही. तो तास काढून टाकला असता म्हणून औषध आपोआप आलं नसतं. उलट ज्या संघाने १९७३ साली गच्च भरलेल्या दिवसात आणखी एक तास बसवून दाखवला, त्याला त्याच घड्याळात डॉक्टरची रोजची फेरी आणि वेदनाशामकाची वेळ बसवणं अवघड जायला नको होतं.