अरेच्चा!

लिनक्सचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. पलटणीतला कर्नल नव्हे हं, बदामातला गर म्हणतो ना आपण, तो! हा गाभा चालता चालता अडखळला की जो मजकूर मागे सोडतो, त्याचं नाव 'ऊप्स'. अगदी सगळ्यांनी मान्य केलेलं नाव बरं का. मराठीत 'अरेच्चा' म्हणायला हरकत नाही. अडखळणं सावरण्यापलीकडचं असलं तर मग 'पॅनिक', म्हणजे घाबरगुंडी.

हे सगळं सत्तरी उलटल्यावर मला कळलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. चाकणला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, अकरा माणसं कामाला, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करतात. पूर्वी माल टेम्पोत भरला, चलन हातात दिलं की झालं. आता प्रत्येक पेटीवरचा बारकोड स्कॅन होऊन मोठ्या कंपनीच्या संगणकावर पोहोचला नाही तर टेम्पो गेटवरच उभा. आणि याचा वाय-फायचा राउटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडून पुन्हा चालू व्हायचा. "बाई, तीनदा माल उशिरा गेला. आता ऑर्डर दुसरीकडे जाणार," फोनवर त्याचा आवाज ऐकून मलाच रात्री झोप लागेना.

निदानं भरपूर झाली होती. वेल्डिंगमुळे व्होल्टेज खाली जातं, पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता फार, वगैरे. स्टॅबिलायझर झाला, पंखा झाला, लिंबू-मिरचीसुद्धा झाली!

माझा भाचा हिंजवडीत याच प्रकारचं काम करतो. एका गुरुवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्याबरोबर मीही निघाले. (मोशीपासून चाकणपर्यंत ट्रकांच्या मागे किती वेळ गेला ते विचारू नका.) त्याने राउटरची डबी उघडली, आतल्या पट्टीवरच्या बारीक टोकांना तीन वायरी जोडल्या आणि लॅपटॉप लावला. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने राउटर तिथे स्वतःशीच बोलत असतो म्हणे. घाबरगुंडी उडाली की तो काही सेकंदांत पुन्हा सुरू होतो आणि आधीचं सारं विसरतो. म्हणून पडताना काय बोलला ते ऐकायचं तर असा कान लावूनच बसावं लागतं.

गंमत म्हणजे त्या दिवशी दुपारपर्यंत राउटर ठणठणीत. "बघा, वेल्डिंग बंद आहे ना!" असं सगळे म्हणाले. भाचा काही बोलला नाही. स्कॅनर हातात घेऊन तो प्रेसच्या मागे, वाय-फाय पोहोचत नाही तिथपर्यंत गेला नि परत आला. पुन्हा गेला. सातव्या फेरीला पडद्यावर आकड्यांचा पाऊस! वेल्डिंग सुटलं.

पण ते आकडे दर वेळी वेगळे. मग त्याने घरी गाभा नव्याने बांधला, त्यात एक तपासणी चालू ठेवून. वापरून मोकळी केलेली स्मृतीची जागा ती तपासणी ६बी या खुणेने भरून टाकते. पुढच्या पडझडीत पत्त्याच्या जागी आलं ६बी६बी६बी६बी. "आत्या, हे बघ! घर रिकामं झालंय आणि पोस्टमन अजून तिथेच पत्र टाकतोय."

झालं होतं ते असं. स्कॅनर टप्प्याबाहेर गेला की वाय-फायचा ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, यंत्राचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) त्याची नोंद पुसायचा. पण त्याच नोंदीसाठी लावलेला एक गजर तसाच राहायचा. नेमका तो मधल्या क्षणी वाजला की पुसलेली नोंद शोधायला जायचा. दुरुस्ती एका ओळीची: आधी गजर बंद करायचा, मग नोंद पुसायची. ओळ होतीच, दोन ओळी खाली होती! क्रियापदाआधी कर्म यावं यासाठी जन्मभर लाल शाई खर्च केलेल्या मला हे लगेच पटलं.

हे जमलं कारण तो ड्रायव्हर उघडा होता, कुणालाही वाचता येणारा. २००२ साली लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, तेव्हा परवान्याच्या अटीप्रमाणे २००३ मध्ये कंपनीला त्याचा मजकूर खुला करावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. तेव्हाही वाय-फायचा ड्रायव्हर मात्र बंद पेटीतच होता. तसा इथे असता तर विद्यार्थ्याला नवा राउटर घे म्हणण्यापलीकडे भाचा काय करणार होता?

राउटर आता एकोणीस दिवस सलग चालू आहे. विद्यार्थी रोज सकाळी त्याचा फोटो पाठवतो. ऑर्डरचं अजून नक्की नाही, पण या महिन्याचा माल त्याच्याकडूनच गेला.

भाच्याने ती दुरुस्ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लोकांना पाठवली. उत्तर आलं: दुरुस्ती बरोबर, सोबतचं स्पष्टीकरण नीट पुन्हा लिहा. बिचारा दोनदा लिहून बसलाय. इंग्रजी आहे, नाहीतर मीच घेतली असती वही तपासायला!